सूनबाईंचे गुण मोजले का?

कनेरगाव नाक्याहून आम्ही गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय जरा लांबचा आहे, पार कॅनडाचा. पण त्याची सुरुवात आपल्याच सतरंजीवर झाली.

झालं असं, की महिन्याच्या बैठकीत गटातल्या एका काकूंनी दीड लाखाचं कर्ज मागितलं. आपल्या गटातून कर्ज निघतं ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, बियाण्यासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. दीड लाख एकदम कोणी मागितले नव्हते. कमी पडले तर गळ्यातली पोत मोडायची तयारी होती. काकू म्हणाल्या, "लेकाला कॅनडाचा पीआर मिळतोय. एजंटानं गुण काढले, अडुसष्ट भरले. सदुसष्टला पास आहे म्हणे. पहिला हप्ता भरला की काम गॅरंटीनं होतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "अडुसष्ट? पत्रिकेत तर छत्तीसच गुण असतात की!" सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. पण रजिस्टरवर सह्या करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की हे गुण म्हणजे नेमकं काय, ते कोण देतं, कशाचे देतं, हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येत नाही. काकूंना नाही, आणि फोनवर पुण्याहून बोलणाऱ्या त्यांच्या लेकालाही धड नाही. मग ठरलं, आधी गुण मोजू, कर्जाचं नंतर बघू. गटातल्या एका ताईंची मुलगी वाशिमला कॉलेजला जाते. तिच्या मोबाइलवर कॅनडा सरकारचं संकेतस्थळ उघडलं. गुण मोजायचं साधन तिथे सगळ्यांना खुलं आहे, पैसे पडत नाहीत. दोन संध्याकाळी बसलो, वही-पेन घेऊन. त्यातून जे कळलं तेच आज सांगतोय.

आधी पीआर म्हणजे काय ते बघू. परदेशात कायम राहायची आणि कुठेही नोकरी करायची परवानगी म्हणजे पीआर. ते नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट भारताचाच राहतो. कॅनडाचा पीआर टिकवायचा तर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावं लागतं. फिरायला जायचा व्हिसा, शिकायला जायचा व्हिसा, ठरावीक मुदतीचा कामाचा परवाना, हे सगळे वेगळे कागद आहेत. एजंट बोलताना सगळ्यांना मिळून "पीआर" म्हणून टाकतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तुम्ही नक्की कोणत्या कागदाबद्दल बोलताय?

आता गुण आले कुठून? पूर्वी कॅनडात कोणाला घ्यायचं हे तुम्ही कोणत्या देशातले, कोणत्या वंशाचे, यावर ठरायचं. १९५१ साली भारताशी करार झाला तेव्हा सबंध भारतातून वर्षाला फक्त १५० माणसांना जागा होती, पुढे १९५७ साली ती ३०० झाली. १९६७ साली कॅनडानं जगात पहिल्यांदा गुणांची पद्धत आणली. शिक्षण, वय, भाषा, काम यांना गुण ठरवले आणि शंभरात पन्नास मिळवील त्याला, मग तो कुठलाही असो, दार उघडलं. त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनीअर तिकडे जाऊ लागले. टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, ती घरं बरीचशी अशीच गेलेली. पुढे ऑस्ट्रेलियानं, न्यूझीलंडनं आपापली गुणपद्धत काढली. म्हणजे पद्धत चांगल्या हेतूनं आली, तोंड बघून नव्हे तर कागद बघून निवड व्हावी म्हणून. आमचं मत विचाराल तर ती पूर्ण न्याय्य नाही, पण त्याकडे मागाहून येतो.

एजंटानं सांगितलेले अडुसष्ट गुण खोटे नव्हते. आम्ही मोजले, बरोबर अडुसष्टच भरले. गोम वेगळीच होती. पोलीस भरती आठवा. मैदानीत पास झालं म्हणजे भरती झालं का? नाही. पुढे लेखी, मग मेरिट लिस्ट. किती पोरं "पास" होऊन घरी येतात हे आपण दरवर्षी बघतो. कॅनडाचंही तसंच, दोन चाळण्या आहेत. पहिली शंभर गुणांची, तिथे ६७ लागतात. ती ओलांडली की फक्त यादीत नाव घालता येतं, आणि नाव घालायलाही फी नाही. दुसरी चाळणी १२०० गुणांची, ती मेरिट लिस्ट. २०१५ पासून ही पद्धत चालू आहे, एक्सप्रेस एन्ट्री तिचं नाव. यादीतल्या लोकांना गुणांप्रमाणे लावतात आणि मधूनमधून फेरी काढून वरच्यांना बोलावणं धाडतात. बोलावणं आलं की साठ दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा. न आलं तर एक वर्षानं नाव यादीतून निघतं, पुन्हा घालावं लागतं. एजंट पहिल्या चाळणीचे गुण सांगून दुसरीचे पैसे मागत होता.

मग बाराशेतले गुण काढले. लेकाचं वय ३६. बी.कॉम. आहे, पुण्याच्या एका कारखान्यात सहा वर्षांहून जास्त हिशेबाचं काम. इंग्रजीची परीक्षा दिली होती, आयईएलटीएस म्हणतात तिला, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत सहा-सहा बँड. मोबाइलवर एकेक रकाना भरत गेलो. वयाचे ६५, पदवीचे ११२, इंग्रजीचे ६४, शिक्षण-अनुभव आणि भाषा यांच्या मेळाचे ३८. पुढे रकाना आला, "जोडीदाराचं शिक्षण काय? जोडीदाराला इंग्रजी किती येतं?"

तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी सूनबाईंची आठवण झाली.

सूनबाई २९ वर्षांच्या. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, पुण्याच्या खासगी दवाखान्यात तीन वर्षांपासून स्टाफ नर्स. एजंटाच्या कागदावर त्यांचं नाव होतं, पण "पत्नी" एवढंच. त्यांना फोन लावला. शिक्षण सगळं इंग्रजीतून झालेलं, सोबतच्या परिचारिका केरळच्या, दिवसभर इंग्रजीतच बोलणं आणि लिहिणं. त्यांनी मोबाइलवर सराव परीक्षा दिली. ऐकण्यात आठ आले, बाकी तिन्हीत सात. सराव म्हणजे खरी परीक्षा नव्हे, हे मान्य. पण हिशेबाला धरले. त्यांच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे मिळून २८ गुण नवऱ्याच्या खात्यात पडले, आणि बेरीज झाली ३०७.

मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "उलटं केलं तर? सूनबाईला पुढं घालून लेकाला मागं ठेवलं तर?" आता सांगायला सोपं वाटतं, पण त्या क्षणी सगळ्या गप्प झाल्या होत्या. अर्जात मुख्य कोण आणि जोडीदार कोण हे नवरा-बायकोनं ठरवायचं असतं. मुख्य पुरुषच हवा असं नियमात कुठेच नाही. पुन्हा रकाने भरले. सूनबाईंच्या वयाचे १००, कारण २० ते २९ या वयाला पूर्ण गुण. पदवीचे ११२. इंग्रजीचे ११६. मेळाचे ७५, कारण चांगलं इंग्रजी असलं की अनुभवाचं वजन दुपटीनं वाढतं. नवऱ्याच्या पदवीचे ८ आणि इंग्रजीचे १२. एकूण ४२३.

घर तेच, माणसं तीच, कागद तेच. नाव वर-खाली केलं आणि ११६ गुण वाढले. काकू कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हिच्या नर्सिंगच्या फीला मी नाकं मुरडली होती."

पण थांबा, एवढ्यानं काम होत नाही. ४२३ ला बोलावणं येतं का, हे बघायला मागच्या फेऱ्यांचे कट-ऑफ काढले. तेही संकेतस्थळावर तारीखवार लावलेले असतात. आधीच कॅनडात काम करत असलेल्यांसाठीच्या फेऱ्या २०२५ मध्ये पाचशेच्या वरच थांबल्या. २०२३ पासून काही फेऱ्या ठरावीक कामांसाठी वेगळ्या निघतात, त्यांत आरोग्यसेवा आहे, नर्स त्यात बसते. तिथला कट-ऑफ जरा खाली येतो, पण २०२५ मध्ये तोही साडेचारशेच्या वर राहिला. शिवाय तिकडचं सरकार माणसं कमी घेऊ लागलंय. २०२५ साली पाच लाखांना पीआर द्यायचं आधी ठरलं होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. जागा कमी झाल्या की मेरिट वर चढतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे ४२३ वर आज बोलावणं नाही. ३०७ वर तर विचारायलाच नको, आणि दीड लाख त्या ३०७ साठी मागितले होते.

एक सावधगिरी. काही एजंट जुनी बातमी दाखवतात, की बघा, ७५ गुणांवर बोलावलं. ते खरं आहे. १३ फेब्रुवारी २०२१ ला एका फेरीत २७ हजारांहून जास्त लोकांना बोलावलं आणि कट-ऑफ ७५ होता. पण ते कोरोनाचे दिवस होते, बाहेरून माणसं येत नव्हती, म्हणून कॅनडात आधीच राहून तिथे काम केलेल्यांना बोलावलं. इथून अर्ज करणाऱ्याला त्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही.

मग गुण वाढवायचे कसे? हाही हिशेब केला. सूनबाईंनी एम.एस्सी. केलं तर शिक्षणाचे १४ आणि मेळाचे २५ वाढतात. पण त्यात दोन वर्षं जाणार, वय ३१ होणार, वयाचे १० कमी होणार. तिशीनंतर दर वर्षाला पाच गुण गळतात, चाळिशीनंतर दहा-दहा, आणि ४५ ला शून्य. तरी निव्वळ २९ चा फायदा. इंग्रजीची आणखी एक पायरी चढली, म्हणजे ऐकण्यात साडेआठ, वाचण्यात आठ, लिहिण्या-बोलण्यात साडेसात, तर १२ वाढतील. आणि लेकानं स्वतःचं इंग्रजी बायकोच्या आजच्या पातळीवर आणलं तर आणखी ८. सगळं जमलं तर बेरीज ४७२. तेव्हा कुठे रेषेच्या आसपास. एखाद्या प्रांतानं आपणहून निवडलं तर एकदम ६०० गुण मिळतात, मग चिंताच नाही. कॅनडात सख्खा भाऊ किंवा बहीण असली तर १५. आणि चांगलं फ्रेंच येत असेल तर ५० पर्यंत जास्तीचे, वर फ्रेंच येणाऱ्यांच्या फेऱ्या वेगळ्या, त्यांचा कट-ऑफ बराच खाली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाक्यावर फ्रेंच शिकवणारं कोणी अजून तरी आढळलेलं नाही. पण पुण्यात आहेत, आणि ज्यांची लेकरं आता बारावीत आहेत त्यांनी हे कानावर ठेवायला हरकत नाही.

नोकरीच्या पत्राबद्दल मुद्दाम सांगतो. कॅनडातल्या कंपनीनं नोकरी देऊ केली तर पूर्वी ५० किंवा २०० गुण मिळायचे. त्यामुळे अशी पत्रं विकायचा धंदाच सुरू झाला. २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले. तरीही काकूंच्या एजंटानं दुसऱ्या हप्त्यात "जॉब लेटर" लिहिलं होतं, वेगळे चार लाख. जे गुण आता मिळतच नाहीत त्यांचे चार लाख! खोटा अनुभवाचा दाखला लावला, लग्न झालेलं असून लपवलं, तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होतात. आणि ते अर्जदारावर येतं, एजंटावर नाही.

आता ज्याचे गुण नाहीत त्याबद्दल. एका मावशींनी विचारलं, "आमची दहा एकर बागायत आहे, विहीर आहे, सातबारा आमच्या नावावर आहे. त्याचे किती?" शून्य. पाटीलकीचे शून्य, ओळखीचे शून्य, आमदारांच्या पत्राचे शून्य. यात आम्हाला गंमतही वाटली. पण पुढचं वाचलं तेव्हा हसू गेलं. अनुभव म्हणून जे काम धरतात ते मोबदला मिळालेलं काम असावं लागतं, सलग एक वर्ष, आठवड्याला तीस तास, पगाराचा पुरावा आणि अनुभवाचा दाखला हातात. म्हणजे आपण निंदण-खुरपण करतो, सोयाबीन काढतो, हळद शिजवतो, गोठा बघतो, सासू-सासऱ्यांचं करतो, आठवड्याला तीस काय सत्तर तास, त्याचा एकही गुण नाही. न्याय्य नाही म्हणालो ते यासाठी. आणि लग्नानंतर नोकरी सोडलेल्या मुलीचं दर वर्षी वय वाढतं, अनुभव मात्र तिथेच थांबतो. दहा वर्षांपूर्वीचा अनुभव तर धरतच नाहीत.

पैशांचंही बघा. पोचल्यावर तिथे जगायला पुरेसे पैसे आहेत हे बँकेच्या कागदावर दाखवावं लागतं. दोन माणसांसाठी २०२४ मध्ये ही रक्कम १८,२८८ डॉलर होती, म्हणजे अकरा लाखांच्या घरात, आणि ती दरवर्षी वाढते. हे पैसे स्वतःचे हवेत. कोणाकडून उसने घेतलेले चालत नाहीत. जमिनीची किंवा घराची किंमतही त्यात धरत नाहीत. म्हणजे बचत गटाचं कर्ज, सावकाराचे पैसे, गहाण ठेवलेलं शेत, यातलं काही इथे उपयोगी नाही. सरकारी फी वेगळी. एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला डोई १,५२५ डॉलर झाली, दोघांची दोन लाखांच्या जवळ जाते. ही फी बोलावणं आल्यावर भरायची असते, आधी नाही.

आता ऑस्ट्रेलिया, थोडक्यात, पण एका कारणासाठी ऐकाच. तिथे किमान ६५ गुण लागतात, बोलावणं मात्र बहुधा त्याहून जास्त गुणांवर येतं. वय २५ ते ३२ ला सगळ्यात जास्त, ३० गुण, आणि ४५ च्या आत असावं लागतं. जोडीदार त्यांच्या यादीतल्या व्यवसायात पात्र असेल तर १० गुण, नुसतं कामापुरतं इंग्रजी येत असेल तर ५. आणि तिथे मराठीचे पाच गुण आहेत! खरंच सांगतोय. तिकडच्या दवाखान्यात, कचेरीत वेगवेगळ्या भाषांची माणसं येतात, म्हणून दोन भाषांत बोलणं इकडून तिकडे नीट सांगू शकणाऱ्याला ते पाच गुण देतात. नाटी नावाची संस्था परीक्षा घेते आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. दोन संवाद ऐकवतात. एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि आपण मधे बसून याचं त्याला, त्याचं याला सांगायचं. एकेक संवाद ४५ गुणांचा. दोन्हीत किमान २९ आणि एकूण नव्वदात ६३ मिळाले की पास. विषय आपल्या रोजच्यातले, डॉक्टरकडे जाणं, शाळेत नाव घालणं, विमा, भाडं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या शहरी लेकरांना "रक्तदाब", "हमीदार", "भाडेकरार" हे शब्द पटकन सुचत नाहीत म्हणून अडतं. आपल्या गावच्या शाळेतून मराठीत शिकून मग इंग्रजी शिकलेल्या मुलीला इथे पुढे जाता येईल. आमच्यातल्या एकीची मुलगी मराठी शाळेत शिकली म्हणून नातेवाईक तिला नावं ठेवायचे. तिनं हे ऐकून दोनदा विचारलं, "मराठीचे? पाच?"

कागदांकडे येऊ, कारण बायांचं घोडं अडतं ते इथेच. दहावी-बारावीच्या, पदवीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. आधारवर सासरचं नाव, मधे नवऱ्याचं. बँकेत तिसरंच. कॅनडाचा अधिकारी म्हणणार, या दोन वेगळ्या बाया आहेत. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा. लग्नाचे फोटो आणि पत्रिका पुरत नाहीत. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी करता येते, आणि गावात ती ग्रामसेवकाकडेच होते. कॅनडाला जा नाहीतर कळमनुरीला, हा दाखला करून ठेवा. नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या. सूनबाईंनी लग्नाची नोंद केली नव्हती, ती आता केली.

पदवीचं मूल्यांकनही लागतं. आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवून देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांना विद्यापीठाकडून गुणांचा उतारा पाठवावा लागतो. हिंगोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची बी.ए., बी.कॉम.ची पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची, नर्सिंगची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. म्हणजे एका घरासाठी दोन विद्यापीठं. या कामाला वेळ लागतो, म्हणून वय हातातून गळायच्या आत सुरुवात करावी. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मात्र दोनच वर्षं चालतो, तो फार आधी काढून ठेवू नये. आणि कॅनडासाठी त्या परीक्षेचे दोन प्रकार आहेत, त्यातला "जनरल ट्रेनिंग" लागतो. शिकायला जाणाऱ्यांचा "अकॅडमिक" चालत नाही. फी सतरा-अठरा हजार आहे, चुकीचा प्रकार निवडला तर ते पाण्यात. नर्स मुलींनी आणखी एक ध्यानात ठेवा. पीआर मिळाला म्हणजे तिथे नर्स म्हणून उभं राहता येतं असं नाही. ज्या प्रांतात जाल तिथल्या नर्सिंग मंडळाची नोंदणी वेगळी करावी लागते, तोवर दुसरं काहीतरी काम करावं लागतं.

एजंट धरूच नये असं आम्ही म्हणत नाही. सगळ्यांना एवढं इंग्रजी वाचायला जमेलच असं नाही. पण कॅनडाच्या कायद्यानं या कामाचे पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे. तिथले वकील, किंवा तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजात नोंद असलेला सल्लागार. त्याचा नोंदणी क्रमांक मागायचा आणि त्या कॉलेजच्या यादीत घरच्या घरी तपासायचा. काकूंनी फोन करून क्रमांक विचारला तर उत्तर आलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" आखातात किंवा आणखी कुठे नोकरीला पाठवणारे एजंट वेगळे. त्यांना १९८३ च्या कायद्याखाली भारत सरकारचा परवाना लागतो, आणि ते माणसामागे ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाहीत. पावती मागाच. गॅरंटी देणारा कोणीही असो, ती देणं त्याच्या हातात नाही, कारण कट-ऑफ फेरी निघेपर्यंत कोणालाच माहीत नसतो. आम्ही सांगितलेले आकडेही बदलतील, मोजायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच बघा.

गटानं शेवटी काय केलं? दीड लाखाचं कर्ज नामंजूर झालं, काकूंनी स्वतःच अर्ज मागे घेतला. त्याऐवजी अठरा हजार मंजूर केले, सूनबाईंच्या परीक्षेच्या फीसाठी, दहा हप्त्यांत फेडायचे. त्यावरही वाद झाला. एक जण म्हणाली, "ती पुण्यात कमावते, तिला आपल्या गटाचे पैसे कशाला?" दुसरी म्हणाली, "सभासद काकू आहेत, फेडणार काकू." मतदान घेतलं, दोन मतांनी ठराव पास झाला. लेकाला सुरुवातीला राग आला होता, आपलं नाव खाली गेलं म्हणून. आता तोही रोज इंग्रजी वाचतोय म्हणे. खालच्या नावाच्या आठ गुणांसाठी.

निघता निघता काकूंनी विचारलं, "ते सगळं खरं. पण माझे गुण किती?" ताईंच्या मुलीनं शोधलं. आई-वडलांना गुण नसतात. मुख्य अर्जात नवरा, बायको आणि २२ वर्षांच्या आतली लग्न न झालेली मुलं, एवढेच. आई-वडलांना मागाहून कायमचं बोलावता येतं, पण त्या जागा अगदी थोड्या, नंबर लागेल तेव्हा. दुसरी सोय सुपर व्हिसाची आहे. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाची तिथली कमाई ठरावीक हवी आणि आपला आरोग्य विमा काढलेला हवा. काकू म्हणाल्या, "पाच वर्षं? माझ्या शेळ्या कोण बघणार?"

तरी त्यांनी पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतलाय, फी १,५०० रुपये. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला आणायला त्या माहेरी गेल्या, तर रजिस्टरला त्यांचं नावच वेगळं निघालं. पाळण्यातलं नाव, जे त्या स्वतः विसरल्या होत्या. आता ते दुरुस्त करायचं काम चालू आहे. त्यात काय काय लागतं ते पुढच्या वेळी सांगू.